आपल्या कोड तपासणी टूलची पुढची दिशा: नव्या भाषा नकोत, आधी ही कामं

सातरस्ता (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सोलापूरची गड्डा यात्रा उरकली, सगळे कामाला लागले, आता पुढच्या वर्षाचं बोलून घेऊ.

कोड न चालवता, नुसता वाचून चुका दाखवणाऱ्या आपल्या टूलकडे आलेल्या मागण्या सलग वाचल्या. बहुतेकांचा सूर एकच आहे: जावा घ्या, गो घ्या, कॉटलिन घ्या आणि नियम वाढवा. माझं मत सरळ सांगतो. पुढचं वर्षभर एकही नवी भाषा घेऊ नये. जावासाठी पीएमडी हे तपासणी टूल २००२ पासून आहे, स्पॉटबग्ज आहे. सी++ साठी सीपीपीचेक २००७ पासून आहे. पायथनवाल्यांकडे पायलिंट आणि रफ दोन्ही आहेत. त्यांच्या गर्दीत आपण आणखी एक होऊन कुणाचं भलं होणार नाही.

आपल्याकडे जे लोक येतात ते वेगळ्या कारणाने येतात. सूत व्यापाऱ्याचं बिलिंग, यंत्रमागवाल्याचा हजेरी-पगार, दवाखान्याची नोंदवही, शाळेचे दाखले. एकाच माणसाने कधीतरी लिहिलेलं, नंतर तीन जणांनी ठिगळं लावलेलं, आणि आत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू मजकूर. असा कोड जगातल्या मोठ्या टूल्सनी डोळ्यांसमोर ठेवलेला नाही. आपण तो ठेवायचा.

त्यासाठी पहिलं काम म्हणजे सूचना कमी करणं. जुन्या प्रोजेक्टवर टूल पहिल्यांदा चालवलं की इतकी मोठी यादी पडते की माणूस ती बंद करतो आणि परत उघडत नाही. फेसबुकच्या अभियंत्यांनी इन्फर या त्यांच्या टूलचा अनुभव २०१९ मध्ये लिहिला आहे, तो प्रत्येकाने वाचावा असा आहे. रात्री सगळा कोड तपासून सकाळी यादी हातात दिली तेव्हा दुरुस्तीचं प्रमाण शून्याच्या जवळ होतं. तेच विश्लेषण, बदल तपासणीला आला त्याच वेळी त्या बदलाखाली दाखवलं, तेव्हा ते ७० टक्क्यांच्या आसपास गेलं. टूलची अक्कल तेवढीच होती, फक्त सांगायची वेळ बदलली.

तेव्हा माझा प्रस्ताव: जुन्या सूचना 'मागील बाकी' म्हणून एका फाइलीत नोंदवून ठेवायच्या आणि रोज फक्त नवीन दाखवायच्या. बोला.

पूर्वभाग

दादा, शंभर टक्के सहमत. आमच्या घरी माग आहेत म्हणून सांगते. ताण्यातला धागा तुटलेला मागावर असतानाच दिसला तर कामगार तिथल्या तिथे गाठ मारतो. चादर घडी घालायला आली तेव्हा दिसला तर तो सेकंडचा माल.

पण 'फक्त बदललेल्या ओळी' असं करणार असाल तर माझी हरकत आहे. मागच्या महिन्यात आमच्या एका बिलिंगमध्ये सूट काढणाऱ्या फंक्शनला मी एक पॅरामीटर वाढवला. बदल एका फाइलीत झाला, पण त्याला हाक मारणारी ओळ दुसऱ्याच फाइलीत, आणि ती ओळ मी शिवलेलीसुद्धा नव्हती. बदललेल्या ओळींपुरतं बघणाऱ्या टूलला ही चूक कधीच दिसणार नाही.

सातरस्ता

ताई, बरोबर जागेवर बोट ठेवलंत. म्हणून ओळ क्रमांकावर काहीच अवलंबून ठेवायचं नाही. प्रत्येक सूचनेचा ठसा काढायचा: नियमाचा क्रमांक, फंक्शनचं नाव आणि आजूबाजूचे टोकन म्हणजे कोडमधले शब्द-चिन्हं, यांचा मिळून एक हॅश, म्हणजे त्यांच्यावरून काढलेला एक छोटा संकेत. वर चार ओळी घातल्या तरी ठसा तोच राहतो. मग सगळा कोड तपासायचा, आणि ज्या सूचनेचा ठसा 'मागील बाकी'च्या फाइलीत नाही तेवढीच दाखवायची, मग ती कुठल्याही फाइलीत असो. तुमची ती न शिवलेली ओळ यात सापडेल.

राहता राहिलं फंक्शनचं नाव बदलण्याचं. तिथे ठसा मोडतो आणि जुनी सूचना नवी होऊन येते. ते मी चालवून घ्यायच्या मताचा आहे. नाव बदलण्याइतका हात फिरवलाच आहे तर जुनी चूकही बघितली जावी.

हिंजवडीकर_मूळ_सोलापूर

यात एक जोडा: निकाल सारिफ स्वरूपात बाहेर काढा, तपासणी टूल्सचे निकाल लिहिण्याची ती सामायिक पद्धत आहे. ओएसिस या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने २.१.० ही आवृत्ती २०२० मध्ये प्रमाण म्हणून मान्य केली, आणि त्यात अशा ठशांसाठी वेगळी जागाच आहे. स्वतःचं जेसन स्वरूप सांभाळत बसू नका. सारिफ दिलं की एडिटर, गिटहब सगळीकडे आपोआप बसतं.

आणि नियमांबद्दल. आधीच्या एका नोकरीत असं टूल लावलं होतं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी मनापासून सूचना वाचल्या. पुढे निम्म्या खोट्या निघायला लागल्यावर टीमने ओळीओळीवर 'दुर्लक्ष करा'ची कॉमेंट टाकायला सुरुवात केली, आणि मग खऱ्या चुकांवरसुद्धा तीच कॉमेंट पडली. कव्हेरिटी या तपासणी टूलच्या लोकांनी २०१० च्या लेखात हेच लिहिलंय: खोट्या सूचना ३० टक्क्यांच्या वर गेल्या की लोक टूलकडे बघणं सोडतात. गूगलमध्ये तर १० टक्क्यांची मर्यादा ठेवतात, आणि तिथली व्याख्या मला फार आवडते. सूचना तांत्रिकदृष्ट्या खरी असली, पण वाचणाऱ्याने त्यावर काहीच केलं नाही, तर ती खोटीच धरायची.

आपणही हाच नियम लावू. जो नियम ही मर्यादा ओलांडेल तो मूळ संचातून बाहेर. ज्याला हवा तो स्वतः चालू करेल.

कंबरतलाव

मी शिकवतो, त्यामुळे थोडं मागून सुरू करतो. विद्यार्थी नेहमी विचारतात की टूल शंभर टक्के अचूक का करत नाही. होऊ शकत नाही. राइस या गणितज्ञाने १९५३ मध्ये सिद्ध केलंय की प्रोग्रॅमच्या वागणुकीबद्दलचा कुठलाही अर्थपूर्ण प्रश्न सर्वसाधारणपणे सोडवणारी पद्धत असूच शकत नाही. म्हणजे काही चुका सुटणार किंवा काही खोट्या येणार. कुठली बाजू पत्करायची एवढंच आपल्या हातात आहे.

ते ठरवायला २०१४ ची दोन उदाहरणं बघा. फेब्रुवारीत ॲपलच्या सुरक्षा कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा लागल्याचं उघड झालं. दुसऱ्या ओळीमुळे पुढची तपासणी कधी चालतच नव्हती. 'या कोडपर्यंत कुणी पोहोचत नाही' एवढं सांगणाऱ्या साध्या नियमाने ती सापडली असती. एप्रिलमध्ये इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक समोर आली. नेटवर्कवरून आलेल्या लांबीवर आंधळा विश्वास ठेवलेला होता, आणि तेव्हाची नावाजलेली टूल्स तिला पकडू शकली नव्हती. पहिल्या प्रकारचे नियम स्वस्त, खात्रीचे, समजायला सोपे. दुसऱ्या प्रकारासाठी किंमत कुठून आली आणि कुठे गेली याचा माग फंक्शन ओलांडून काढावा लागतो.

माझं म्हणणं, पहिल्या प्रकारचे नियम आधी पक्के करा. आणि प्रत्येक नियमाबरोबर दोन चाचणी फाइली सक्तीच्या: एकीत चूक सापडलीच पाहिजे, दुसरीत सापडताच कामा नये. दुसरी लिहायला लोक कंटाळतात. तीच महत्त्वाची.

नवीपेठ

मी प्रोग्रॅमर नाही ओ, आमच्या दुकानाचं आणि आणखी चार-पाच दुकानांचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या पोराबरोबर बसतो. दोन गोष्टी मागायच्यात.

एक, २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, कृत्रिम धाग्याचं सूत १२ वरून ५ वर आलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये १२ हा आकडा किती ठिकाणी कोरला होता ते शोधताना पोराची रात्र गेली. बिलात बदलला, पण माल परत घेतानाच्या पावतीत तसाच राहिला. असा कोरलेला दर आधीच दाखवता येईल का?

दोन, ते सगळं जुन्या पीएचपीवर चालतं. नवीन सर्व्हरवर न्यायचं म्हटलं की पोरगं घाबरतंय.

सातरस्ता

काका, दुसऱ्याचं उत्तर सोपं. मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शन्स पीएचपी ७ मध्ये, म्हणजे डिसेंबर २०१५ मध्येच काढून टाकली, आणि पीएचपी ५.६ ची सुरक्षा दुरुस्ती २०१८ संपताना थांबली. हलावं लागणारच. काढलेली फंक्शन्स दाखवणारा नियम आपल्याकडे आहे, पण तो सध्या फक्त नाव दाखवतो. त्याच ओळीत वापरणाऱ्याने फॉर्ममध्ये भरलेली किंमत थेट क्वेरीत चिकटवली असेल तर ते वेगळ्या, वरच्या पातळीच्या सूचनेत यायला हवं. नुसतं नाव बदलून चालवलं तर भोक तसंच राहतं.

पहिल्याचं मला अवघड वाटतं. १२ म्हणजे महिनेही असतात, १८ म्हणजे वयही.

पूर्वभाग

अवघड नाही दादा. आकडा एकटा बघायचा नाही. त्याच वाक्यात किंवा ज्या चलात तो जातोय त्याच्या नावात जीएसटी, सीजीएसटी, टॅक्स, कर यांपैकी काही असेल तरच बोलायचं. 'कर'साठी मात्र पूर्ण शब्द जुळवा, नाहीतर 'करार' आणि 'करंट' पण पकडेल. मूळ संचात नको, बिलिंगवाल्यांच्या वेगळ्या संचात ठेवा. आणि रुपये-पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश अंदाजे धरणाऱ्या प्रकारात, साठवणं हाही नियम त्याच संचात हवा. ०.१ आणि ०.२ ची बेरीज बरोबर ०.३ येत नाही, आणि महिनाअखेरीला पैशाचा फरक शोधत हिशेबनीस बसतो.

काकांच्या पोराला सांगा, कोड देता येण्यासारखा असेल तर चाचणीसाठी द्यावा. खऱ्या कोडइतकं उपयोगी काही नाही.

विजापूर_वेस

आता माझं गाऱ्हाणं, आणि हे मी मनापासून मांडतोय. मी उर्दू शाळांसाठी निकालपत्रांचं काम जावास्क्रिप्टमध्ये करतो. टूल चालवलं की उर्दू मजकूर असलेल्या जवळजवळ प्रत्येक फाइलीवर 'संशयास्पद अदृश्य अक्षर' येतं. माझ्या फाइलीत लपवलेलं काही नाही. मुलांची नावं आहेत.

नियम का आला ते मला ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी ट्रोजन सोर्स हा हल्ला जाहीर केला. मजकुराची दिशा उलटवणाऱ्या अदृश्य खुणा कॉमेंटमध्ये घातल्या की माणसाला कोड एका क्रमाने दिसतो आणि कंपायलर दुसऱ्याच क्रमाने वाचतो. धोका खरा आहे. रस्ट भाषेने लगेच १.५६.१ काढलं, जीसीसी या कंपायलरने १२ व्या आवृत्तीत इशारा आणला. पण जीसीसी काय करतं ते बघा: मूळ सेटिंगमध्ये ते फक्त जोडी न मिटलेल्या खुणांवर बोलतं. उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दू अक्षरं हा गुन्हा नाही. दिशेची खूण स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अवतरणातल्या मजकुरात, उघडली आणि त्याच स्ट्रिंगमध्ये मिटवली, तर तोही नाही. उघडून न मिटवता स्ट्रिंग संपली, तिथे लाल दिवा लावा, मी स्वतः आभार मानेन.

पूर्वभाग

भाऊ, हे फक्त उर्दूपुरतं नाही. आमच्या तेलुगू फाइलींवर हेच होतं. तेलुगूत 'सॉफ्टवेअर' लिहिताना मध्ये शून्य रुंदीचा न-जोडक ही अदृश्य खूण येते, नाहीतर अक्षरं एकमेकांत जोडली जातात. कन्नडात तसंच. आणि मराठीत 'र्‍य', 'र्‍ह' लिहिताना कितीतरी कीबोर्ड शून्य रुंदीचा जोडक घालतात. तुमचं टूल सोलापुरातल्या चारही लिप्यांना संशयित धरतंय.

आणि खरी चूक जिथे आहे तिथे ते गप्प आहे. आमच्या ग्राहक यादीत कऱ्हाडचे व्यापारी दोन गटांत विभागले गेले होते. एका मुनीमजींच्या कीबोर्डने 'कऱ्हाड' नुक्त्याच्या ऱ ने लिहिलं, दुसऱ्यांच्या कीबोर्डने 'कर्‍हाड' साध्या र ला हलंत आणि जोडक लावून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. तुलना केली की वेगळे. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं, केलं तरी हे दोन एक होत नाहीत, कारण जोडक तसाच राहतो. वापरणाऱ्याने टाईप केलेला भारतीय लिपीतला मजकूर साफ न करता थेट 'बरोबर आहे का' म्हणून तपासला, तर टूलने तिथे बोललं पाहिजे. हा नियम जगात दुसरं कोण लिहिणार आहे?

सातरस्ता

ही गोष्ट माझ्या मूळ प्रस्तावात नव्हती, पण फार महत्त्वाची आहे. मी हिला पहिल्या क्रमांकावर नेतो.

काल रात्री बसून बघितलं. नियम नव्याने शोधायची गरज नाही. वेबपत्त्यांच्या नावांसाठी आरएफसी ५८९२ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात २०१० पासून तो लिहिलेला आहे: जोडक किंवा न-जोडक चालेल, जर त्याच्या लगेच आधी हलंताची खूण असेल. न-जोडकासाठी अरबी वळणाच्या लिप्यांचीही वेगळी सोय त्यात आहे. म्हणजे स्ट्रिंग आणि कॉमेंटमध्ये ही अट पाळली असेल तर आपण गप्प बसायचं.

चलांच्या नावात मात्र सूट नाही. पायथन जोडक नावात घेतच नाही, तिथेच चूक दाखवतो. पण जावास्क्रिप्ट दोन्ही खुणा नावात चालवून घेतं, आणि पीएचपी तर आस्कीबाहेरचा, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-चिन्हांपलीकडचा, कुठलाही बाइट नावात घेतं. दोन चलं पडद्यावर हुबेहूब एक आणि आत वेगळी. इथे जोरात ओरडायचं, देवनागरी असो की इंग्रजी.

होटगी_रोड

सर, मी शेवटच्या वर्षाला आहे, पहिल्यांदाच लिहितोय. दोन शंका.

मराठी मजकूर असलेल्या ओळीवर चूक दाखवताना टूलचा बाण भलतीकडेच का जातो? आणि हे सगळे नियम हाताने लिहिण्यापेक्षा एआय मॉडेललाच कोड का देत नाही?

सातरस्ता

बाणाचं सांगतो. 'क्षि' घे. डोळ्यांना एक अक्षर, युनिकोडमध्ये चार चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट. कोडची रचना वाचायला आपण वापरतो तो ट्री-सिटर स्तंभ, म्हणजे ओळीतली जागा, बाइटमध्ये मोजतो. एडिटरशी बोलण्याचा एलएसपी हा प्रोटोकॉल मुळात यूटीएफ-१६ च्या एककात मोजतो, ३.१७ पासून दोघांनी बोलून दुसरं एकक ठरवता येतं. सारिफमध्ये कुठलं एकक वापरलं ते लिहून द्यावं लागतं. आपण आत सगळं बाइटमध्ये ठेवायचं आणि बाहेर पडताना ज्याला जे हवं त्यात बदलून द्यायचं, बदलण्याची जागा एकच. टर्मिनलवरचा बाण तर काढूनच टाकू. देवनागरीची रुंदी प्रत्येक टर्मिनल वेगळी धरतो, बाण कधीच जुळणार नाही. त्याऐवजी चुकीचा तुकडाच रंगवायचा.

कंबरतलाव

एआयचं मी बोलतो. बदल आत घ्यायचा की अडवायचा हे ठरवणाऱ्या यंत्राने त्याच कोडला दरवेळी तेच उत्तर द्यायला हवं. मॉडेल ते हमखास देत नाही. शिवाय व्यापाऱ्याचा कोड बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

हिंजवडीकर_मूळ_सोलापूर

सर, दार पूर्ण लावू नका. नेटवरून डेटा आणणाऱ्या कर्ल या टूलच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. एआयने रचलेल्या बिनबुडाच्या तक्रारींनी त्यांचा वेळ खाल्ला, त्यावर ते उघडपणे चिडले. त्याच कर्लमध्ये २०२५ साली एका संशोधकाने एआय टूल्स नीट वापरून आणलेल्या यादीतून पुष्कळ खऱ्या चुका दुरुस्त झाल्या. फरक मधल्या माणसाने केला. म्हणून नियमाच्या मसुद्यासाठी, चाचणी कोड सुचवायला वापरा. निर्णय टूलचाच राहू दे.

माझी खरी काळजी दुसरी आहे. आज आत बदल घ्यायचा अधिकार एकट्या सातरस्ता दादांकडे आहे. जावाचं फाइंडबग्ज हे तपासणी टूल किती चांगलं होतं; २०१५ नंतर त्याची आवृत्ती निघाली नाही, शेवटी लोकांना स्पॉटबग्ज नावाने नवीन घर मांडावं लागलं. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडचं २०२४ चं प्रकरण तर सगळ्यांना आठवत असेल, थकलेल्या एकट्या माणसाच्या आधाराला आलेल्यानेच आत मागचं दार बसवलं. दादा, आणखी दोघांना अधिकार द्या, आणि कुठलाही बदल दोघांनी बघितल्याशिवाय आत जाऊ नये.

सातरस्ता

मान्य. पूर्वभाग ताईंना मी आधीच विचारलंय, त्या हो म्हणाल्यात. तिसरी जागा कंबरतलाव सरांनी घ्यावी अशी विनंती.

परवान्याबद्दलही इथेच सांगतो. सेमग्रेप या तपासणी टूलने डिसेंबर २०२४ मध्ये नियमांचा परवाना आणि फुकट आवृत्तीतल्या सोयी बदलल्या, आणि पुढच्याच महिन्यात काही कंपन्यांनी मिळून ओपनग्रेप वेगळं काढलं. त्यांचा धंदा आहे, त्यांचं त्यांना ठाऊक. आपल्याकडे हक्क सोडून देणारा कुठलाही करार कुणाकडून लिहून घेणार नाही. प्रत्येकाच्या कोडवर त्याचाच हक्क राहील, म्हणजे उद्या मलासुद्धा एकट्याला परवाना बदलता येणार नाही.

कंबरतलाव

घेतो जबाबदारी. परीक्षेच्या काळात उत्तर द्यायला उशीर होईल, तेवढं सांभाळून घ्या.

नवीपेठ

पोरगं कोड द्यायला तयार आहे. पण दुकानांची नावं, पासवर्ड काढून देतो म्हणाला, चालेल ना?

पूर्वभाग

काका, काढूनच द्या. आणि जुने पासवर्ड गिटच्या इतिहासात असतील तर नुसती ओळ पुसून भागत नाही, त्याला पासवर्ड बदलायलाच सांगा. आधी तेच करा, कोड नंतर.

होटगी_रोड

अदृश्य खुणांचा नियम मी घेऊ का? आरएफसीचं ते पान वाचून काढलंय. हलंताची खूण ओळखायला अक्षरांची यादी हाताने लिहायची की युनिकोडच्या तक्त्यातून घ्यायची?

सातरस्ता

घे. यादी हाताने लिहू नकोस. तक्त्यात प्रत्येक चिन्हाचा जोडवर्ग दिलेला असतो, हलंताचा ९ आहे, तोच तपास. देवनागरी, तेलुगू, कन्नड तिन्ही एकाच अटीत बसतील.

चाचणीत एवढं हवंच: 'कऱ्हाड' दोन्ही प्रकारे स्ट्रिंगमध्ये, गप्प. पीएचपीच्या चलाच्या नावात जोडक, सूचना. हलंत नसताना इंग्रजी शब्दाच्या मध्ये जोडक, सूचना. उर्दू नाव साधं, गप्प. दिशेची खूण उघडून मिटवलेली, गप्प. न मिटवलेली, सूचना. सर म्हणाले तशी 'काहीच सापडता कामा नये'वाली फाइल आधी लिही आणि तेवढीच पहिल्यांदा पाठव.

विजापूर_वेस

उर्दूचे नमुने मी देतो. न-जोडक आलेले शब्दही टाकतो, त्यावर तुझा नियम नीट घासून बघ.

पूर्वभाग

तेलुगू आणि कन्नड फाइल आज रात्री टाकते. ग्राहकांची नावं त्यात बदललेली आहेत. होटगी रोड, विंडोजवर चालवशील तेव्हा फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह झाली का ते आधी बघ, मग नियमाला दोष दे.